शॉक, स्प्रिंग आणि सोसायटीचा गतिरोधक

“चांगले शॉक टाकले तर गाडी सुधारेल का?”

गाडीतलं थोडंफार कळतं अशी ज्याची ख्याती असते, त्याला हा प्रश्न चुकत नाही. विचारणाऱ्याची तक्रार मात्र दर वेळी निराळी असते. एकाची गाडी ताम्हिणी उतरताना वळणावर फार कलते. दुसऱ्याच्या आईची पाठ शहरातल्या खड्ड्यांनी धरते. तिसरा पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन गणपतीला कोकणात निघाला, की प्रत्येक गतिरोधकावर गाडीचं पोट घासतं. चौथ्याची गाडी उत्तम चालते, पण ती त्याला दिसायला खाली हवी आहे.

चौघांनाही दुकानात एकच सल्ला मिळू शकतो: सस्पेन्शन अपग्रेड करा. आणि इथेच घोळ होतो. पहिल्याला ज्याने बरं वाटेल त्याने दुसऱ्याच्या आईची पाठ आणखी धरेल. चौथ्याला जे हवंय ते तिसऱ्याने चुकूनही करू नये. त्यामुळे कुठला भाग घ्यायचा हे ठरवण्याआधी आपली तक्रार नेमकी कोणती, हे एका वाक्यात कागदावर लिहून काढावं. वाक्य लिहिता येत नसेल, तर पैसे खिशातच ठेवावेत.

१. स्प्रिंग काय करते, शॉक काय करतो

बहुतेक लोक दोन्ही कामं शॉकच्या नावावर टाकतात. प्रत्यक्षात गाडीचं वजन शॉकवर नसतं, स्प्रिंगवर असतं. खड्डा आला की स्प्रिंग दबते, चाकाला वर जायला जागा देते आणि ती ऊर्जा साठवून ठेवते. साठवलेलं ती परत देते. नुसत्या स्प्रिंगांवर गाडी चालवली, तर एका उंचवट्यानंतर ती बराच वेळ वरखाली झुलत राहील.

ते झुलणं थांबवायचं काम शॉकचं. त्याच्या नळीत तेल असतं, आणि बारीक झडपा असलेला दट्ट्या त्या तेलातून पुढेमागे सरकतो. रंगपंचमीची पिचकारी आठवा. दांडा हळू दाबला तर पाणी मुकाट बाहेर येतं. जोरात दाबला तर हाताला विरोध जाणवतो. शॉकचंही तसंच. गाडी उभी असताना तो जवळजवळ काहीच धरून ठेवत नाही. चाक वेगाने हललं की मात्र विरोध करतो आणि त्या हालचालीची उष्णता करून टाकतो. खडबडीत रस्त्यावरून आल्यावर शॉक कोमट लागतो, तो यामुळेच.

यातून एक व्यवहारी निष्कर्ष निघतो. गाडी उभ्या उभ्या खाली बसलेली दिसत असेल, तर साध्या शॉकला दोष देण्यात अर्थ नाही. ती स्प्रिंगची गोष्ट आहे. आणि गतिरोधक ओलांडल्यावर गाडी दोन-तीनदा डुलत असेल, तर नवी स्प्रिंग टाकून काहीही होणार नाही.

२. सेकंदाला किती झोके?

गाडी मऊ की ताठ हे ‘वाटतं’ असं आपण म्हणतो, पण ते मोजता येतं. स्प्रिंगवर टेकलेली गाडी मोकळी सोडली, तर सेकंदाला किती वेळा वरखाली होईल, हा तो आकडा. साध्या प्रवासी गाड्यांत तो ढोबळमानाने एक ते दीडच्या दरम्यान असतो. स्पोर्ट्स गाड्यांत दीड ते दोन किंवा त्याहून जास्त.

हिशेब सोपा आहे. गाडीच्या वजनाने स्प्रिंग किती सेंटीमीटर दबली आहे ते घ्या, त्याचं वर्गमूळ काढा आणि त्याने ५ ला भागा. स्प्रिंग १६ सेंटीमीटर दबली असेल तर वर्गमूळ ४, आणि ५ भागिले ४ म्हणजे सेकंदाला सव्वा झोका. तीच गाडी अशा ताठ स्प्रिंगवर ठेवली की जी फक्त ९ सेंटीमीटर दबते, तर ५ भागिले ३, म्हणजे जवळजवळ १.७.

हा आकडा वाढला की त्रास का होतो? उभ्या दिशेचे हादरे माणसाच्या शरीराला सगळ्यांत जास्त जाणवतात ते सेकंदाला ४ ते ८ वेळा येणारे. गाडी सव्वा झोक्याची असेल, तर अशा हादऱ्यांचा बराचसा भाग खालच्या खाली जिरतो. स्प्रिंग ताठ करत गेलं, की त्यातला अधिकाधिक भाग सीटपर्यंत पोहोचतो. उलट फार मऊ करूनही चालत नाही. अर्ध्या झोक्याच्या खालची संथ हेलकाव्याची हालचाल पोटात ढवळून काढते. बोट लागते ती अशाच हालचालीने. कंपनीचे अभियंते या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी जागा शोधतात, आणि त्यांना ती एका माणसासाठी नाही, तर एकट्या ड्रायव्हरपासून पाच जणांच्या कुटुंबापर्यंत सगळ्यांसाठी शोधायची असते.

३. आधी झिजलं काय ते बघा

साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेली गाडी घेऊन कोणी अपग्रेडची भाषा करू लागलं, तर माझा पहिला संशय जुनेपणावर असतो. नवी असताना ही गाडी अशी होती का? नसेल, तर डिझाइनमध्ये खोट नाही. काहीतरी झिजलं आहे.

झिजतं काय काय? लोअर आर्मचे रबरी बुश फाटतात, मग ब्रेक लावताना गाडी किंचित बाजूला ओढते. स्टॅबिलायझर बारच्या लिंक रॉडचा सांधा ढिला होतो, मग लहान खड्ड्यांवर टकटक ऐकू येते. पुढच्या स्ट्रटच्या डोक्यावरचा रबरी माउंट बसतो, मग स्टीअरिंग वळवताना खालून कुरकुर येते. या सगळ्यांना गॅरेजच्या बोलण्यात ‘सस्पेन्शनचं काम’ म्हणतात, आणि यातले बरेचसे भाग नव्या शॉकपेक्षा खूप स्वस्त असतात. बुश फाटलेल्या गाडीत महागडे शॉक बसवले, तर त्या शॉकचं अर्धं काम वायाच जातं.

शॉक स्वतः मात्र फार फसवा. तो एका दिवसात जात नाही. महिन्यामहिन्याने थोडा थोडा ढिला होतो आणि चालवणारा त्याच गतीने सवय करून घेतो. नळीवर तेलाचा ओला, धूळ चिकटलेला थर दिसला तर निदान स्पष्ट आहे. बोनेटचा कोपरा दाबून सोडायची जुनी परीक्षा बऱ्याच जणांना माहीत असते. गाडी दोन-तीनदा झुलली तर शॉक नक्की गेलेला. पण ती न झुलता थांबली म्हणून शॉक चांगला आहे असं नव्हे. हाताने जी हालचाल होते ती फार संथ; खड्ड्यात चाक त्याच्या कितीतरी पट वेगाने हलतं. याहून चांगली खूण टायरवर सापडते. रबर सलग न झिजता ठिकठिकाणी खोलगट झालं असेल, तर चाक रस्त्यावर नीट टेकून राहत नाही आणि टप्पे खातं आहे.

४. रबर आणि हवा

सस्पेन्शनचा पहिला भाग टायर आहे, हे कोणी मनावर घेत नाही. एकच हॅचबॅक साध्या मॉडेलमध्ये १६५/८० आर १४ आणि वरच्या मॉडेलमध्ये १८५/६५ आर १५ टायरवर मिळते. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये; दुसरा सांगतो की बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के. पहिल्या टायरची भिंत १३२ मिलिमीटर, दुसऱ्याची १२०. बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच, म्हणजे रबरातले १२ मिलिमीटर जाऊन त्या जागी धातू आला. दुकानात जाऊन १९५/५५ आर १६ घातले, तर भिंत १०७ वर येते. आईची पाठ धरते अशी तक्रार असलेल्या घरात मोठ्या अलॉय चाकांची हौस केलेली असेल, तर मी शॉककडे बघणारच नाही.

मोठं चाक बहुधा जडही असतं. स्प्रिंगच्या खाली लटकणारं वजन जितकं जास्त, तितकं ते आवरणं शॉकला कठीण. आणि हवा? दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर दाब लिहिलेला असतो: कमी माणसांसाठी वेगळा, भरल्या गाडीसाठी वेगळा. पंपावरचा मुलगा विचारल्याशिवाय पस्तीस भरून मोकळा होतो. आधी स्टिकर वाचा. या उपायाला पैसे पडत नाहीत.

५. ताठ स्प्रिंग, कापलेली स्प्रिंग आणि रबरी बफर

आता खऱ्या बदलांकडे. कॉइल स्प्रिंगचे दोन गुणधर्म लक्षात ठेवले, तर दुकानातल्या निम्म्या दाव्यांची पारख करता येते.

पहिला: तारेची जाडी चौथ्या घाताने काम करते. १२ मिलिमीटरऐवजी १३ मिलिमीटर तार घेतली, तर दिसायला फरक एका मिलिमीटरचा; पण बाकी सगळं सारखं ठेवून ताठरता सुमारे ३८ टक्क्यांनी वाढते. दुसरा: काम करणारे वेढे कमी झाले की स्प्रिंग ताठ होते. सहा वेढ्यांपैकी एक बाद केला तर उरले पाच, आणि ताठरता एक पंचमांशाने वाढली.

गाडी खाली आणायला स्प्रिंगचा वेढा ग्राइंडरने कापणारे कारागीर अजूनही आहेत. त्यांच्याकडून गाडी सोडवून आणावी. कापलेलं टोक वाटीत नीट बसत नाही. चाक खड्ड्यावरून हवेत लटकलं की स्प्रिंग जागची सरकू शकते. तयार मिळणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग याहून फार बऱ्या, पण त्यांचाही हिशेब मांडून बघू.

आपल्याकडच्या बऱ्याच हॅचबॅकची जमिनीपासूनची उंची १६० ते १७० मिलिमीटर असते. १६५ धरू. मागच्या सीटवर माणसं आणि डिकीत सामान मिळून मागच्या चाकांवर १५० किलो वाढले, म्हणजे प्रत्येक स्प्रिंगवर ७५. स्प्रिंग एक मिलिमीटर दबायला साधारण दोन किलो घेते असं मानलं, तर गाडी मागून ३७ मिलिमीटर बसेल. उरले १२८. आता ३० मिलिमीटर खाली आणणारी, पाव हिश्शाने ताठ स्प्रिंग घातली: रिकामी गाडी १३५ वर, भरल्यावर ती ३० मिलिमीटर बसते, म्हणजे १०५.

हे पुरेसं आहे का? इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणानुसार बांधलेला गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. ताशी २५ किलोमीटरने ओलांडता येईल असा. तो हॅचबॅकच्या दोन चाकांमधल्या अंतरापेक्षा, म्हणजे साधारण २.४५ मीटरपेक्षा, रुंद आहे. गाडी मधोमध आली की चारही चाकं उंचवट्यावरच असतात आणि पोटाखाली फुगवटा उरतो जेमतेम ४४ मिलिमीटरचा. खाली आणलेली गाडीसुद्धा त्यावरून सहज जाईल. पण असा गतिरोधक आपल्याला भेटतो कधी? सोसायटीच्या फाटकात, शाळेसमोर, गावाच्या वेशीवर कोणीतरी रातोरात ओतलेला असतो तो १२ सेंटीमीटर उंच आणि हातभर रुंद. तिथे चाकं उतरलेली आणि पोट वर, म्हणजे पूर्ण १२० मिलिमीटर हवेत. मूळ गाडी ८ मिलिमीटरने सुटते. खाली आणलेली १५ मिलिमीटरने घासते. चौथ्या मित्राला हा हिशेब दाखवावा आणि मग त्याच्यावर सोडून द्यावं. हौसेला मोल नसतं, पण सायलेन्सरच्या पाइपला असतं.

तिसऱ्या मित्राला दुकानदार बहुधा दुसरीच वस्तू देईल: स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये बसवायचा रबरी बफर. गाडी उचलली जाते, पोट घासणं थांबतं, खर्चही थोडा. पण तो बफर करतो काय? एका वेढ्याची हालचाल जवळपास बंद करतो. म्हणजे सहाचे पाच. रोज एकट्याने ऑफिसला जाताना ती वीस टक्के ताठर गाडी तुमच्या वाट्याला येते. मागच्या सीटवर नेहमीच वजन असेल तर मागे बफर ही वाईट तडजोड नाही. सगळ्या चाकांना, किंवा नुसतेच पुढे, बसवू नयेत.

‘नुसतेच पुढे’ का नाही, यामागे एक जुनी गोष्ट आहे. १९३०च्या दशकात रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये आलेला इंग्लिश अभियंता मॉरिस ऑली याने वजनं इकडून तिकडे हलवता येतील अशी गाडी तयार करून स्प्रिंगांचे प्रयोग केले. ताशी ५० किलोमीटर वेगात आपल्या हॅचबॅकचं पुढचं चाक उंचवट्यावर चढल्यानंतर मागचं चाक सुमारे ०.१८ सेकंदांनी चढतं. पुढचा झोका आधी सुरू होतो, मागचा उशिरा. दोन्ही टोकं सारख्याच लयीत झुलली, तर ती कायम एकमेकांशी बेताल राहतात आणि गाडी मान डोलवते. ऑलीने दाखवलं, की मागची लय थोडी जलद ठेवली तर मागचं टोक पुढच्याला गाठतं आणि गाडी सपाट वरखाली होते. आजही बहुतेक प्रवासी गाड्यांत पुढची बाजू मागच्यापेक्षा किंचित मऊ असते ती यासाठी. पुढच्याच स्प्रिंग ताठ केल्या की हे गणित उलटं होतं, आणि महामार्गावरच्या सांध्यांवर मागे बसलेल्यांच्या ते लगेच लक्षात येतं.

६. घाटात कलणारी गाडी

ताम्हिणीवाल्याची तक्रार खरी असते, पण त्याचं अनुमान बहुधा चुकतं. गाडी कलते म्हणून वजन बाहेरच्या चाकांवर जातं, असं त्याला वाटतं. माणसांसकट १,०५० किलोची गाडी, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच, डाव्या-उजव्या चाकांत दीड मीटर अंतर, आणि वळणातला बाहेर फेकणारा जोर गुरुत्वाच्या चार दशांश. बाहेरच्या चाकांवर सरकणारं वजन सुमारे १४० किलो. या गणितात स्प्रिंग कुठेच आली नाही. ताठ स्प्रिंग किंवा जाड स्टॅबिलायझर बार घातला तर कल कमी होईल. ते १४० किलो मात्र तेवढेच सरकतील.

मग फायदा काय? कल कमी असला की चाकांचे कोन कमी बिघडतात आणि गाडी स्टीअरिंगला लवकर उत्तर देते. विश्वास वाटतो, आणि विश्वासाला किंमत आहेच. पण पुढचाच बार जाड केला, तर सरकणाऱ्या वजनाचा मोठा वाटा पुढच्या चाकांवर येतो, आणि पुढून ओढणारी गाडी मर्यादेजवळ वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते. शिवाय बार डाव्या आणि उजव्या चाकाला जोडतो; एकाच बाजूला खड्डा आला की त्याचा हिसका दुसऱ्या बाजूलाही पोहोचतो. घाट महिन्यातून एकदा आणि एका बाजूने उखडलेला रस्ता रोज, असं असेल तर विचार करावा. चांगले टायर आणि तीस ऐवजी पंचवीसचा वेग हे घाटासाठी मी आधी सुचवेन.

७. शॉक घ्यायचाच असेल तर

रोजच्या गाडीत खर्च सार्थकी लागण्याची शक्यता कुठे असेल, तर इथे: मूळ स्प्रिंग तशाच ठेवून चांगले शॉक. गाडीची उंची बदलत नाही, लय बदलत नाही. फक्त हालचाल आवरली जाते.

कार कंपन्या शॉक सहसा स्वतः बनवत नाहीत. १९६१ साली सुरू झालेली आणि चाकणलाही कारखाना असलेली गॅब्रिएल इंडिया किंवा जपानची केवायबी, असे पुरवठादार ते बनवतात आणि स्वतःच्या नावानेही विकतात. तुमच्या मॉडेलसाठीचा असा शॉक पक्क्या बिलावर घेणं, हा बऱ्याच लोकांसाठी पूर्ण उपाय आहे. त्याला अपग्रेड म्हणायला कोणी तयार नसतं, कारण बोनेट उघडून दाखवण्यासारखं त्यात काही नाही.

त्याच्या वरच्या पायरीवर गॅसच्या दाबाचे एकनळी शॉक येतात. त्यांत तेल आणि नायट्रोजन वेगळे ठेवलेले असल्याने खडबडीत रस्त्यावर तेलाचा फेस होत नाही. मात्र आतल्या दाबामुळे सील घट्ट असतं, आणि बारीक खडबड थोडी अधिक जाणवते. नळीला दगड लागून पोचा आला, तर दट्ट्या अडकतो. महामार्गावर जास्त आणि वेगात चालणाऱ्याने ते घ्यावेत. सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्याला त्यांचा उपयोग थोडा.

कॉइलओव्हर, म्हणजे आटे पाडलेल्या शॉकवर उंची बदलता येणारी स्प्रिंग, यांच्याबद्दल लिहायला फार नाही. परदेशी संच लाखाच्या घरात जातो, वर रबरी माउंटऐवजी धातूचा सांधा असेल तर आवाज केबिनमध्ये येतो, आणि कोकणातल्या दोन पावसाळ्यांत आटे चिखल-गंजाने धरतात. ट्रॅकवर जाणाऱ्यासाठी ती उत्तम वस्तू आहे.

८. कागदपत्रं

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तिकेत असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल मालकाला करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य भाग बसवणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. मूळ मापाचा शॉक बदलणं ही दुरुस्ती आहे. गाडी दोन इंच वर किंवा खाली नेणं ही वेगळी गोष्ट. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी वादाचं कारण होतो. वॉरंटीतल्या गाडीला तर हात लावण्याची घाईच करू नये.

९. बसवताना

शॉक आणि स्प्रिंग जोडीनेच बदला: पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही. त्याबरोबर रबरी माउंट, बंप स्टॉप आणि धूळ-टोपी नवी घाला, कारण मजुरी एकदाच द्यायची आहे. काम झालं की चाकांचं अलाइनमेंट करून घ्या, छापील आकडे मागून घ्या. उंची बदलली असेल तर हेडलाइटचा झोत तपासा. मागून बसलेली गाडी समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश मारते.

आणि एक गोष्ट गॅरेजमध्ये उभं राहून बघा. लोअर आर्मचे रबरी बुश आतल्या धातूच्या नळीला चिकटवलेले असतात. गाडी लिफ्टवर असताना चाकं खाली लटकलेली असतात, आणि घाईचा कारागीर त्याच अवस्थेत बुशचे बोल्ट पक्के आवळतो. गाडी खाली उतरली की ते रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षाच्या आत फाटतं. बोल्ट आधी नुसते लावून, गाडी चाकांवर टेकवून, दोनदा दाबून बसवून, मग शेवटचे आवळायला सांगा. कारागीर कुरकुर करेल, कारण त्याला त्यासाठी गाडीखाली शिरावं लागतं.